तपासण्या नॉर्मल, तरी पोट बिघडलेलंच: ताण आणि पचनाचा गुंता पायरीपायरीने कसा सोडवायचा

रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, काहींची तर एंडोस्कोपीही झाली. सगळं नॉर्मल. मग डॉक्टर फाइल मिटतात आणि म्हणतात, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." माणूस घरी येतो तो दोन टेन्शनं घेऊन. एक पोटाचं, जुनं. दुसरं नवीन, आपल्याच टेन्शनमुळे पोट बिघडतं याचं.

"टेन्शन घेऊ नका" हा सल्ला चुकीचा नाही, पण त्याचं करायचं काय ते कुणी सांगत नाही. ताण पोटावर कोणत्या वाटेने चाल करतो हे कळलं, तर त्या वाटेवर काही करता येतं. म्हणून आधी यंत्रणा थोडक्यात पाहू, मग करायच्या गोष्टी, त्याही क्रमाने. क्रमाबद्दल मी जरा हट्टी आहे. बहुतेक जण सुरुवात ताटापासून करतात. आज दूध बंद, उद्या गहू, परवा कांदा-लसूण. महिन्याभरात खाण्यासारखं फार थोडं उरतं आणि पोटाची तक्रार जिथल्या तिथे. माझ्या मते पथ्याचा नंबर बराच उशिरा लागतो.

पोटाचा कारभार कोण पाहतं

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत मज्जापेशींची दोन जाळी आहेत. एक स्नायूंच्या दोन थरांच्या मधोमध, ते हालचाल सांभाळतं. दुसरं आतल्या अस्तराखाली, ते स्राव आणि रक्तपुरवठा पाहतं. दोन्ही मिळून दहा कोटींहून जास्त मज्जापेशी होतात. १८९९ मध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणारे मज्जातंतू तोडून पाहिले, तरी अन्न पुढे ढकलणारी लाट चालूच राहिली. पुढे १९२१ मध्ये जॉन लँग्ली यांनी स्वायत्त मज्जासंस्थेचे, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणाऱ्या मज्जासंस्थेचे, तीन भाग मांडले. सिंपथेटिक आणि पॅरासिंपथेटिक हे दोन सगळ्यांना माहीत असतात. तिसरा भाग आतड्यांचा, एंटेरिक.

म्हणजे रोजचा कारभार पोट स्वतःच पाहतं. मेंदू फक्त वेग कमी-जास्त करतो. निवांत असताना मेंदू आणि पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस नर्व्हमार्फत "चालू दे" असा निरोप येतो: लाळ सुटते, जठररस पाझरतो, अन्न पुढे सरकतं. धोका जाणवला की सिंपथेटिक बाजू जोर धरते, रक्त स्नायूंकडे वळतं आणि पचन मागे पडतं. वॉल्टर कॅनन हार्वर्डमध्ये वैद्यकाचे विद्यार्थी होते तेव्हा, १८९० च्या दशकाच्या अखेरीस, त्यांनी मांजरांना एक्स-रेत दिसणारं बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन एक्स-रेखाली त्यांचं जठर पाहिलं. जठराची लाट एका लयीत चाललेली असायची. मांजर चिडलं की ती थांबायची, शांत झालं की पुन्हा सुरू व्हायची.

व्हेगसबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू खालून वर जातात, पोटाची खबर मेंदूला देतात. त्यामुळे वाहतूक दोन्हीकडून चालते. ताणाने पोट बिघडतं हे खरं, पण बिघडलेलं पोटही मेंदूला सतत अस्वस्थ ठेवतं. जिवाणूंमुळे झालेल्या जुलाबांच्या साथीनंतर साधारण दहातल्या एकाला पुढे कित्येक महिने आतड्यांचा त्रास राहतो. अशा माणसाची चिंता पोटातून सुरू झालेली असते. त्याला "तुमचं सगळं मनाचं आहे" असं सांगणं अन्यायाचं आहे, आणि उपयोगाचं तर मुळीच नाही.

आता ताणाने नेमकं काय होतं ते. तीन गोष्टी होतात आणि त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत, कारण उपाय त्यावर ठरतात.

पहिली गोष्ट गतीची. ताण आला की मेंदूतून सीआरएफ नावाचं रसायन सुटतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढवणारी साखळी तेच सुरू करतं. पोटात मात्र त्याचे परिणाम एकमेकांच्या उलट होतात: जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि मोठं आतडं जोरात चालू लागतं. मुलाखतीच्या सकाळी घास घशाखाली उतरत नाही आणि त्याच वेळी तीनदा शौचाला धावावं लागतं, त्यामागे हे आहे.

दुसरी गोष्ट अस्तराची. दीर्घ ताणात आतड्याच्या अस्तरातल्या मास्ट सेल नावाच्या पेशी चिथावतात, त्या हिस्टामीनसारखी रसायनं सोडतात आणि आजूबाजूची मज्जातंतूंची टोकं चाळवली जातात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी बोलली जाणारी: संवेदना. मोठ्या आतड्यात छोटा फुगा फुगवून केलेल्या प्रयोगांत इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस असलेल्या अनेकांना इतरांपेक्षा कमी दाबालाच दुखू लागतं. आतड्यात गॅस तेवढाच असतो, फक्त रेडिओचा आवाज कुणीतरी वाढवून ठेवलेला असतो. म्हणून तपासणीत काही सापडत नाही आणि तरी दुखणं शंभर टक्के खरं असतं.

सेरोटोनिनबद्दलही इथेच सांगतो. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं हे बरोबर. पण त्यावरून "आनंद पोटात तयार होतो" असे जे मेसेज फिरतात ते सोडून द्या. आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. त्याचं काम जागेवरच चालतं, हालचालीचं आणि संवेदनेचं.

पहिली पायरी: ताणावर ढकलण्याआधी

पोटातला अल्सर ताणाने आणि तिखटाने होतो असं डॉक्टरही कित्येक दशकं सांगत होते. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू सापडला आणि बहुतेक अल्सरांच्या मागे तो किंवा वेदनाशामक गोळ्या असतात हे पुढे सिद्ध झालं. २००५ चं नोबेल त्यांना मिळालं. तोवर किती जणांना नुसती विश्रांती आणि दूध सांगितलं गेलं असेल, याचा विचार केला की "ताणच आहे" म्हणताना जीभ थोडी अडखळते. तशी ती अडखळलीच पाहिजे.

खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा:

- शौचातून रक्त, किंवा डांबरासारखं काळं आणि चिकट शौच (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, तसं असेल तर डॉक्टरांना सांगा)
- प्रयत्न न करता वजन घटणं
- दुखण्याने किंवा जुलाबाने रात्री झोपेतून जाग येणं
- गिळताना अडकणं, सारख्या उलट्या, ताप, पोटात गाठ लागणं
- रक्तक्षय
- पंचेचाळीस-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार
- घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, आतड्याला सूज आणणारा आजार किंवा सिलिॲक आजार (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो) असणं

यातली रात्रीच्या जागेची खूण विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. मज्जासंस्थेच्या चढ-उताराने त्रास देणारं पोट बहुधा झोपेत शांत असतं. पहाटे अडीचला जुलाबासाठी उठावं लागत असेल तर दुसरं काही शोधायला हवं.

हे काहीही नसेल तरी साध्या तपासण्या एकदा झालेल्या बऱ्या: रक्ताची पूर्ण तपासणी, थायरॉइड, सिलिॲकसाठीची रक्ततपासणी, आणि जुलाब असतील तर शौचातलं कॅलप्रोटेक्टिन. कॅलप्रोटेक्टिन आतड्यातली सूज दाखवतं. ते सामान्य आलं की मोठा संशय दूर होतो. आपल्या गोळ्यांकडेही एकदा नजर टाका. मेटफॉर्मिनने जुलाब होतात, लोहाच्या गोळ्यांनी आणि काही वेदनाशामकांनी बद्धकोष्ठता, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी जळजळ. कधी कधी गुंता तिथेच सुटतो.

आयबीएस म्हणायचं कशाला, याचे २०१६ चे रोम ४ निकष आहेत: गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी, आणि तिचा शौचाशी, शौचाच्या वेळांच्या बदलाशी किंवा त्याच्या स्वरूपाच्या बदलाशी संबंध. यांपैकी दोन तरी हवेत आणि त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले हवेत. फक्त जळजळ किंवा लवकर पोट भरणं असेल तर ते वेगळं खातं. अशा सगळ्या आजारांना मिळून आता आतडं-मेंदू संवादाचे विकार म्हणतात. ३३ देशांत ७३ हजारांहून अधिक लोकांची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ४० टक्क्यांहून जास्त लोकांना यातला किमान एक विकार असल्याचं दिसलं. म्हणजे तुम्ही एकटे नाही, फक्त याबद्दल कुणी जेवताना बोलत नाही.

दुसरी पायरी: दोन आठवड्यांची नोंद

वही घ्या किंवा फोनवर लिहा. काय खाल्लं एवढंच लिहिलं की संशय खाण्यावरच जातो. म्हणून सहा गोष्टी: खाण्याची वेळ आणि ते कसं खाल्लं, शौचाची वेळ आणि प्रकार, दुखणं दहापैकी किती, आदल्या रात्रीची झोप, दिवसातली मोठी घटना, आणि स्त्रियांनी पाळीचा दिवस. शौचाच्या प्रकारासाठी ब्रिस्टल तक्ता सोपा आहे. प्रकार १ म्हणजे सुट्या कडक गोळ्या, ७ म्हणजे नुसतं पाणी. ३ आणि ४ सर्वांत बरे.

समजा एका शिक्षिकेच्या वहीत असं आहे:

*सोमवार.* झोप साडेपाच तास. ७:१० कॉफी, रिकाम्या पोटी. ७:३० मुरडा, शौच प्रकार ६. ७:५० पुन्हा, प्रकार ६. ९:३० ला वर्गाची पाहणी होती. जेवण १:४०, तपासायच्या वह्या समोर ठेवून, आठ मिनिटांत. ३ वाजता पोट टम्म, दुखणं ५. रात्री ठीक.

*मंगळवार.* झोप सात तास. ७:१० कॉफी, रिकाम्या पोटी. ७:४० शौच एकदाच, प्रकार ४. जेवण १:०५, मैत्रिणींबरोबर. तीच भाजी, तेच सगळं. दुपारी काही नाही.

कॉफी दोन्ही दिवशी तीच, जेवणही तेच. बदललं काय तर झोप, पाहणीची धास्ती आणि जेवायला दिलेला वेळ. या बाई कॉफी सोडून देणार होत्या. दोन दिवसांवरून निष्कर्ष काढू नये हे खरं, पण दोन आठवड्यांत असे तुकडे पाच-सहा वेळा जुळले तर दिशा कळते.

नोंद दोन आठवड्यांपुढे लांबवू नका. पोटाकडे सतत कान लावून बसलं की संवेदना वाढते, हा त्या रेडिओचाच खेळ आहे. वही मिटा आणि आपली तक्रार मुख्यतः कुठली ते ठरवा: वरच्या भागाची (लवकर पोट भरणं, मळमळ, करपट ढेकर), खालच्या भागाची (घाईची लागणं किंवा न लागणं), की फुगण्या-दुखण्याची. अनेकांचं मिश्रण असतं. तरी एक तक्रार पुढे असतेच.

तिसरी पायरी: श्वास, पण नीट

दीर्घ श्वास घ्या हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यावरचा विश्वास उडालेला असतो. बहुतेक वेळा कारण एवढंच, की तो छातीने घेतला जातो, कळ आल्यावर घेतला जातो आणि अर्ध्या मिनिटात सोडून दिला जातो.

पाठीवर झोपा किंवा खुर्चीत टेकून बसा. कंबरेला घट्ट काही असेल तर सैल करा. एक हात छातीवर, दुसरा बेंबीच्या वर. नाकाने चार सेकंद श्वास आत. खालचा हात वर उचलला गेला पाहिजे, वरचा जवळजवळ स्थिर. मग सहा सेकंदांत सावकाश बाहेर, ओठ किंचित मिटलेले, पोट आपोआप खाली. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटं करा. श्वास सोडताना व्हेगसचा प्रभाव वाढतो आणि हृदयाची गती किंचित उतरते. नाडीवर बोट ठेवलंत तर ते स्वतःला कळेल. बाहेर जाणारा श्वास लांब ठेवायचा तो याचसाठी.

गरगरलं तर तुम्ही फार मोठे श्वास घेत आहात. वेग तोच ठेवा, श्वास लहान करा. खांदे कानांकडे चढत असतील तर आडवं होऊन सराव करा. झोपलेल्या अवस्थेत पोटाचा श्वास सहज जमतो.

दिवसातून दोनदा, त्यातलं एकदा जेवणाआधी. पहिले दोन-तीन आठवडे त्रास नसतानाच करा. कळ येत असताना नवी गोष्ट शिकता येत नाही. सारखे ढेकर येणाऱ्यांना आणि घशाशी येणाऱ्यांना याचा आणखी एक फायदा होतो. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला वेढून असतं आणि आम्ल वर येऊ न देण्यात त्याचा वाटा असतो. ढेकर यायला लागला की तोंड किंचित उघडं ठेवून असे चार-पाच श्वास घ्या. हवा गिळून लगेच बाहेर टाकण्याची नकळत लागलेली सवय त्याने मोडते.

फुगण्याची गोष्ट आणखी वेगळी. संध्याकाळी पोट पुढे आलेलं दिसतं, पण स्कॅन केला तर गॅस फारसा वाढलेला नसतो. काहींच्या बाबतीत जेवणानंतर श्वासपटल खाली ढकललं जातं आणि पोटाचे स्नायू सैल पडतात. व्हायला हवं ते याच्या उलट. ही स्नायूंची चुकलेली सवय आहे आणि बायोफीडबॅकने, म्हणजे स्नायू काय करतायत ते यंत्रावर पाहत ते सुधारण्याच्या सरावाने, ती सुधारल्याचं दिसलं आहे. घरी करून पाहण्यासारखं एवढंच: जेवणानंतर फुगल्यासारखं झालं की ताठ बसा आणि श्वास सोडताना पोटाची भिंत अलगद आत येऊ द्या. पोट ताणून बाहेर धरण्याची सवय असेल तर ती आधी लक्षात येईल.

चौथी पायरी: काय खाता याआधी कसं खाता

अन्न दिसलं, वास आला की जठररस सुटू लागतो. इव्हान पाव्हलॉव्ह यांना १९०४ चं नोबेल पचनाच्या अभ्यासासाठी मिळालं, आणि त्यांनी दाखवलेल्या गोष्टींत ही एक होती: घास पोटात पोचण्याआधीच व्हेगसमार्फत तयारी सुरू होते. फोनवर वाद घालत, स्क्रीनवर डोळे लावून जेवलं तर ही तयारी अर्धवट राहते.

म्हणून बसल्यावर लगेच घास उचलू नका. पाच-सहा श्वास, मग पहिला घास. जेवणाला किमान वीस मिनिटं द्या. घाईत जेवताना हवाही गिळली जाते. ताणाचा विषय जेवणात नको, मुलांच्या मार्कांचाही नको. वरच्या भागाची तक्रार असेल तर जेवण लहान ठेवा आणि रात्री तेलकट-तुपकट कमी करा. स्निग्ध पदार्थ जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतात आणि तुमच्या जठराचा वेग ताणाने आधीच कमी झालेला असतो. जेवून दोन-तीन तास आडवं होऊ नका.

दोन खाण्यांमध्ये अंतर हवं. पोट रिकामं असताना साधारण दर ९० ते १२० मिनिटांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत एक झाडलोट करणारी लाट जाते. पोट गुरगुरतं त्यात तिचाही हात असतो. काही खाल्लं की ती थांबते. कंटाळा आला, धास्ती वाटली की काहीतरी तोंडात टाकणाऱ्यांना ही लाट पुरतीच मिळत नाही. तीन-साडेतीन तासांचं अंतर पुरेसं आहे. मधुमेहाची औषधं चालू असतील तर हे अंतर डॉक्टरांना विचारून ठरवा.

पाचवी पायरी: सकाळची वेळ

जेवल्यावर मोठ्या आतड्याला आपोआप चालना मिळते आणि सकाळी ती सर्वांत जोरदार असते. बद्धकोष्ठता असणाऱ्यांनी हिचा फायदा घ्यावा, घाईची लागणाऱ्यांनी तिच्यासाठी जागा ठेवावी. दोघांनाही उपाय एकच: अर्धा तास आधी उठणं. नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटं मोकळी ठेवा.

कमोडवर बसत असाल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कंबरेच्या वर येऊ द्या. गुदाशयाभोवतीचा एक स्नायू बसलेल्या स्थितीत त्याला वाकवून धरतो, उकिडवं बसलं की तो सैलावतो. कोपरं मांडीवर, श्वास सोडत हलका जोर. श्वास रोखून कुंथू नका. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. फोन बाहेर ठेवा.

लागलेली असताना "नंतर जाऊ" म्हणून दाबून ठेवण्याची सवय ताणाच्या दिवसांत हमखास लागते. गुदाशय हळूहळू निरोप देणं कमी करतो. पुष्कळ कुंथावं लागतं, पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही, असं महिनोन्‌महिने होत असेल तर ओटीपोटाखालचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळत असण्याची शक्यता आहे. त्यासाठी रेचक कामाचं नाही. त्याची वेगळी तपासणी आणि बायोफीडबॅकचा उपचार असतो, त्याबद्दल विचारा.

झोप आणि हालचाल

यावर लांबण लावत नाही. रात्र कमी झाली की दुसऱ्या दिवशी संवेदना वाढते, वहीत ते दिसलंच असेल. उठण्याची वेळ ठरलेली ठेवा, झोपण्याची आपोआप मार्गी लागते. व्यायामाबद्दल २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक स्वीडिश प्रयोग आहे. आठवड्यातून तीन ते पाच दिवस, २० ते ६० मिनिटं मध्यम ते जोरकस व्यायाम. बारा आठवड्यांत आयबीएसची तीव्रता कमी झाली. चालणं चालेल, पण बोलताना थोडा दम लागेल इतपत.

सहावी पायरी: भीतीचं चक्र तोडणं

एकदा बसमध्ये घाईची लागली, की पुढच्या वेळी बस दिसली तरी पोटात कालवतं. मग माणूस बस टाळतो. प्रवासाआधी उपाशी राहतो. कुठेही गेला की आधी शौचालय शोधतो. यातून तात्पुरता दिलासा मिळतो आणि मेंदूची खात्री पटते की धोका खरोखरच होता, मी टाळलं म्हणून वाचलो. आयबीएसमधला हा सर्वांत चिवट भाग आहे, पथ्याने तो जात नाही.

इथे लहान टप्प्यांनी जावं लागतं. टाळत असलेल्या गोष्टी कागदावर सोप्यापासून अवघडापर्यंत लिहा. उदाहरणार्थ: घराजवळ पंधरा मिनिटं चालणं, एक थांबा बसने, नाश्ता करून एक थांबा, नाश्ता करून चार थांबे, गर्दीच्या वेळी चार थांबे. सर्वांत सोपी गोष्ट आधी, धास्ती अर्ध्यावर येईपर्यंत तीच पुन्हा पुन्हा. मग पुढची. पिशवीत जादा कपडे आणि गोळी सुरुवातीला असू द्या. काही आठवड्यांनी त्याही कमी करा. हे स्वतःहून जमत नसेल तर कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याचा उपचार) करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. पोटासाठी तिकडे जाणं विचित्र वाटतं खरं, पण आयबीएसवर तिचा उपयोग चांगला तपासून पाहिलेला आहे.

मोठ्या दिवसाची, म्हणजे परीक्षा, मुलाखत, लांबचा प्रवास अशा दिवसाची तयारी वेगळी. आदल्या रात्री साधं आणि लवकर जेवण. सकाळी नेहमीच्या वेळेच्या एक तास आधी उठणं, म्हणजे आतड्याला दोन फेऱ्या करायला वेळ मिळतो. नेहमीचाच नाश्ता, अर्धा खाल्ला तरी चालेल, पण उपाशी नको. त्या दिवशी नवी गोळी, नवं चूर्ण, कुणी सांगितलेला काढा यातलं काहीही नको.

आता पथ्य

एवढं सहा-आठ आठवडे करूनही पोट नीट नसेल तर ताटाकडे वळा. पहिला बदल काहीतरी काढण्याचा नाही, घालण्याचा: इसबगोल. ते विरघळणारं तंतुमय द्रव्य आहे, बद्धकोष्ठता आणि जुलाब दोन्हींत उपयोगी पडतं. रोज एका चमच्याने सुरुवात, भरपूर पाण्याबरोबर, आठवड्याने वाढवा. गव्हाचा कोंडा मात्र आयबीएसमध्ये बऱ्याच जणांचं फुगणं वाढवतो.

त्यानंतर लो फॉडमॅप. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात घडलेली ही आहारपद्धत. आतड्यात पाणी ओढणाऱ्या आणि आंबून गॅस करणाऱ्या साखरा काही काळ कमी करायच्या: कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध, सफरचंदासारखी काही फळं. यातला "काही काळ" लोक विसरतात. दोन ते सहा आठवडे, त्यात फरक पडला नाही तर सोडून द्या. पडला तर एकेक गट परत आणून कोणता त्रास देतो ते पाहायचं. कायमचं बंद ठेवायची ही यादी नाही. वजन आधीच कमी असेल किंवा खाण्याबद्दल भीतीचा इतिहास असेल तर हा प्रयोग करू नका.

प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणूंचं औषध, घ्यायचं तर एकच निवडा, किमान चार आठवडे घ्या, तीन महिन्यांपर्यंतही फरक नाही तर बंद. शौचातल्या जिवाणूंची महागडी तपासणी करून उपचार ठरवता येतील अशी स्थिती अजून आलेली नाही. पैसे वाचवा.

औषधांकडे कधी

पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल आतड्याचा स्नायू सैल करतात आणि कळ कमी करतात, पण घशाशी येण्याचा त्रास असेल तर तो वाढू शकतो. पोटाला उद्देशून दिलेलं संमोहन हा आणखी एक उपाय. १९८४ मध्ये पीटर व्हॉरवेल आणि त्यांच्या मँचेस्टरच्या सहकाऱ्यांनी तीव्र आयबीएसवर त्याचा पहिला नियंत्रित प्रयोग प्रसिद्ध केला, आणि औषधांनी न सुधारलेले रुग्ण त्याने सुधारले. त्यात कुणी तुमच्यावर ताबा घेत नाही. खोल शिथिलतेत आतड्याची हालचाल आणि वेदना यांवर सूचना दिल्या जातात. शिकलेला माणूस मिळणं हीच अडचण.

डॉक्टर अमिट्रिप्टिलिनसारखी गोळी सुचवतील तेव्हा अनेक जण दुखावतात: "मला डिप्रेशन आहे असं म्हणायचंय का?" नाही. नैराश्यासाठी लागतो त्यापेक्षा हा डोस खूपच कमी असतो आणि आतडं व मेंदू यांच्यातला वेदनेचा आवाज उतरवणं हे इथलं काम असतं. २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या ॲटलांटिस या ब्रिटिश चाचणीत रोज १० ते ३० मिलिग्रॅमवर आयबीएसच्या तक्रारी प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) स्पष्टपणे कमी झाल्या. गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत बंद करू नका. सुरुवातीला तोंडाला कोरड पडते आणि झोपाळल्यासारखं होतं, त्यामुळे ती रात्री घेतात. या गोळीने शौच थोडं घट्ट होतं. जुलाबाच्या बाजूने झुकलेल्या पोटाला ते सोयीचं पडतं. बद्धकोष्ठता असेल तर ते आधीच सांगा, कारण मग डॉक्टर दुसऱ्या गटातली गोळी निवडू शकतात. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास, काचबिंदू किंवा लघवी अडकण्याची तक्रार असेल तर तेही लपवू नका.